न आलेल्याची खुर्ची

"वहिनी, लिहायला बसाल तेव्हा आधी मी, मग गुन्हा, आणि कागद उरला तर बाकीचे," असं भाऊजींनी मला बजावून ठेवलं होतं. दिलेला शब्द मोडायचा नाही हा माझा नेम, म्हणून आधी भाऊजी.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, सासूबाईंचे 'बाळ'. त्यांनी स्वतःचं वर्णन तोंडी सांगितलं, ते मी जसंच्या तसं उतरवते. नजर घारीची, कान सशाचे, चाल मांजराची, स्मरणशक्ती हत्तीची. एवढे प्राणी एका देहात नांदतात म्हटल्यावर जागा जास्त लागणारच. म्हणून आमच्या घराचा वरचा मजला त्यांच्याकडे आहे. पूर्वी ते लिफ्ट तपासनीस होते. ती नोकरी सोडून खासगी गुप्तहेर झाले. "लिफ्टनं मला माणूस शिकवला, वहिनी. माणूस वर जातो, नाहीतर खाली येतो. जो मध्येच थांबला, त्याच्यात बिघाड आहे."

या सिद्धांतावर त्यांनी आजवर बरीच प्रकरणं निकाली काढली. शेजारच्यांचं मांजर पळालं होतं, ते कंटाळून परत आलं. गल्लीतली सायकल चोरीला गेली होती, ती मालकानंच विकली होती आणि बायकोला सांगायचं राहिलं होतं. सासूबाईंचा चष्मा गेला होता, तो त्यांच्याच कपाळावर होता. पण ते समजेपर्यंत भाऊजींनी दूधवाल्याची उलटतपासणी घेतली होती. दूधवाला तेव्हापासून बेल वाजवत नाही. पिशवी फाटकाला अडकवतो आणि पळतो.

आता गुन्हा.

मी विद्यापीठात जनव्याख्यान विभागात काम करते. बाहेरच्या कुणीही यावं, बसावं, ऐकावं, असे कार्यक्रम आम्ही भरवतो. त्यातली सगळ्यात जुनी मालिका 'शहर आणि न्याय'. शहरात घर कुणाला मिळतं, पाणी कुणाला, रस्ता कुणासाठी रुंद होतो आणि फुटपाथ कुणासाठी अरुंद, यावर संध्याकाळी मोठी माणसं बोलतात. माईक, पाणी आणि फुलं हे माझं काम. त्यांत आणखी एक काम होतं, खुर्चीचं.

ही खुर्ची मोठ्या बाईंची. मालिका त्यांनीच सुरू केली. आता त्या निवृत्त होऊन लेकीकडे राहतात. पहिल्याच व्याख्यानाला त्यांनी मंचावर पाहुण्यांच्या शेजारी एक खुर्ची मांडायला लावली आणि म्हणाल्या, "ही न आलेल्याची. ज्याच्याबद्दल आपण बोलणार आणि जो इथपर्यंत पोचू शकला नाही, त्याची." तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला ती मांडली जाते. पाहुणे तिच्याकडे बघून गंभीर होतात आणि फोटोही छान येतो.

खुर्ची साधी, लाकडी. डाव्या हाताचा दांडा जरासा सैल, टेकलं की कुरकुरतो. सभागृहातल्या बाकीच्या खुर्च्या जमिनीला बोल्टनं आवळलेल्या, मंचावर पाहुण्यांसाठी जडशीळ सोफा. सुटी अशी हीच एक. कार्यक्रम नसला की ती विंगेमागच्या खोलीत, मोडक्या सामानात उभी असे.

आणि ही खुर्ची कार्यक्रमाच्या दिवशी नाहीशी व्हायला लागली. संध्याकाळी मांडायला जावं तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर खोलीत, जागच्या जागी.

पहिल्या वेळी आम्ही वेळ मारून नेली. दुसऱ्या वेळी एका पाहुण्यांनी भाषणात त्या खुर्चीकडे हात केला, आणि तिथे फुलदाणी होती. मग कुलसचिवांनी धाकट्या बाईंना बोलावलं. मोठ्या बाईंनंतर मालिका त्या चालवतात. आवाज बारीक, अभ्यास दांडगा, आणि वरिष्ठांसमोर उभं राहताना पर्सचा बंद पिळायची सवय.

"व्यवस्थापन विभागाला हे सभागृह हवंय," कुलसचिव म्हणाले. "संध्याकाळीच हवंय. मी इतके दिवस म्हणत आलो, तिथे एक परंपरा आहे. आता परंपराच सापडत नाही म्हटल्यावर मी काय सांगू? पुढच्या कार्यक्रमाला खुर्ची दिसली नाही, तर मालिका बंद. बाई तुम्ही तुमच्या वर्गात, आणि या," म्हणजे मी, "परीक्षा विभागात."

परीक्षा विभागात निकालाच्या दिवसांत खिडकीची काच बदलावी लागते, एवढं सांगितलं की पुरे. पण माझं सोडा. धाकट्या बाई खोलीबाहेर आल्या तेव्हा पर्सचा बंद तुटून हातात आला होता.

खुर्चीसाठी पोलिसात जाता येत नाही. मी घरी विषय काढला, आणि चूक झाली ती तिथे.

"मी हे प्रकरण घेतो," भाऊजी जिन्यावरूनच म्हणाले. "फी नाही. चहा लागेल. शिवाय दोन्ही गुन्हे घडले तेव्हा मी तिथेच होतो. हा योगायोग नव्हे, वहिनी. हे नियतीचं बोट आहे."

तिथे ते असायचेच. कार्यक्रमाच्या दिवशी चहा-बिस्किटं असतात, आणि गुप्तहेरांना गिऱ्हाईक कुठे भेटेल सांगता येत नाही.

"खुर्ची दिसायला कशी आहे सांगते," मी म्हटलं.

"अजिबात नको." त्यांनी हात वर केला. "वर्णन विचारतो तो हवालदार. मी अनुमान करतो. मोठ्या बाईंनी ठेवलेली, इतक्या वर्षांची, मंचावरची. म्हणजे शिसवी. कोरीव. पाठीला मखमल. पायांना सिंहाचे पंजे."

"भाऊजी, ती साधी..."

"वहिनी, मन कलुषित करू नका."

दुसऱ्याचं मन कलुषित करणं मला बरं वाटत नाही. मी गप्प बसले.

"पण ती सकाळी परत येते," सासूबाई आतून म्हणाल्या. "मग चोरी कसली?"

"परत येते ती नक्कल. खरी परदेशात पोचली असेल."

"आणि पुढच्या वेळी काय नेतात? नक्कल?"

"नकलेची नक्कल ठेवून," भाऊजी म्हणाले, आणि या उत्तरानं त्यांचं स्वतःचंच पूर्ण समाधान झालं.

मी आपली सकाळी खुर्ची नीट पुसून पाहिली. बैठकीच्या फटीत करड्या लोकरीचा धागा होता, आणि दांड्याला मलमाचा वास. धागा कागदात बांधून आणला, वास सांगितला. खुर्ची स्वतः येऊन बघा म्हटलं तर म्हणाले, नक्कल बघून डोळ्यांना खोटी सवय लागते. धाग्यावरून मात्र त्यांनी गुन्हेगार थंड प्रदेशातला ठरवला. मलमावरून तो पैलवान निघाला. "थंड प्रदेशातला पैलवान," ते फेऱ्या मारत म्हणाले. "वर्तुळ लहान होत चाललंय."

सासूबाई गुडघ्याला मलम चोळत हे ऐकत होत्या. "पैलवान एवढीशी खुर्ची नेईल? सोफा नाही का नेणार?"

"आई, तुला गुन्हेगारी मन कळायचं नाही."

"तुला कळतं ना, मग झालं," म्हणून त्यांनी मलमाचं झाकण लावलं.

मग भाऊजींनी कुलसचिवांची जबानी घेतली. मी तिथेच फायली लावत होते.

"गुन्ह्याच्या संध्याकाळी आपण कुठे होता?"

"पहिल्या रांगेत. तुम्ही माझ्या शेजारी होता. माझा चहा तुम्ही प्यायलात."

"म्हणजे आपला साक्षीदार मीच." भाऊजींनी डोळे बारीक केले. "फारच सोयीचं आहे हे आपल्याला."

ध्वनियंत्रणा बघणाऱ्यावरही त्यांचा संशय होता, कारण तो जिन्यात मध्येच थांबला होता. तो बुटाची नाडी बांधत होता. व्यवस्थापन विभागाच्या प्रमुखांवर तर पक्काच, कारण ते टेप घेऊन सभागृहाचे पडदे मोजताना सापडले. ते गुन्हेगार नव्हते, पण घाई त्यांना होती खरी.

पुढच्या कार्यक्रमाचे पाहुणे होते एक नामांकित शहररचनाकार. विषय 'सार्वजनिक जागा आणि सामाजिक न्याय'. आमच्या फाटकासमोरचा नवा बसथांबा त्यांच्याच हातचा. पूर्वी तिथे सिमेंटचा बाक होता. आता काचेचं छत आहे, खाली रंगीत दिवे आहेत, आणि बाकाच्या जागी कमरेएवढ्या उंचीवर स्टीलचा तिरका दांडा. बसायचा नाही, टेकायचा. लोकांनी रेंगाळू नये म्हणून. रस्त्यापलीकडे गुडघ्यांच्या व्यायामाचं केंद्र आहे. सासूबाई आणि त्यांच्या मैत्रिणी तिथून रोज संध्याकाळी बाहेर पडतात आणि त्या दांड्याशी बसची वाट बघतात. "बसावं तर घसरतो, टेकावं तर टोचतो," असं सासूबाईंनी एकदा जेवताना सांगितलं होतं. मी ऐकलं आणि वाढत राहिले. घरात बोललेलं आणि सभागृहात बोललेलं ही एकच गोष्ट असू शकते, हे चटकन ध्यानात येत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी खुर्ची स्वतः विंगेमागच्या खोलीत ठेवली. भाऊजींनी कुलूप लावलं, चावी शर्टाच्या आतल्या खिशात टाकली आणि वर पिन लावली.

"आत नजर टाकून घेतली," ते म्हणाले. "कापडाखाली झाकून ठेवलीत ते उत्तम केलंत."

मी काहीही झाकलं नव्हतं. पण तेवढ्यात फुलं आली आणि मी धावले.

इथे एक सांगायला हवं. रस्त्यावरचे दिवे लागले की मी तासभर मौन पाळते. देवाचं नाव मनात, हात कामात. विद्यापीठात सगळ्यांना हे ठाऊक आहे. त्या तासात मी जास्त उपयोगी पडते, असं कुलसचिवांचं मत आहे.

दिवे लागले. लोक यायला लागले, म्हणजे नेहमीचेच. पहिल्या दोन रांगा आणि मागे भिंतीला टेकून झोपणारे एक निवृत्त गृहस्थ. मी खुर्ची आणायला गेले. भाऊजी दाराशी पहारा देत होते. पिन काढली, कुलूप उघडलं. मी आत पाहिलं. जुने फलक, मोडका पंखा, कोपऱ्यात पांढऱ्या कापडाखाली काहीतरी उंच. खुर्ची नव्हती.

मी मान हलवली.

"काय झालं? ती काय, आहे ना कापडाखाली. केसालाही धक्का नाही."

मी पुन्हा मान हलवली आणि हवेत बसल्यासारखं करून दाखवलं.

"बसा ना. दमला असाल," भाऊजी म्हणाले.

मी धाकट्या बाईंना हात धरून आणलं. त्यांनी खोली पाहिली आणि दाराची चौकट धरली. "खुर्ची गेली," एवढंच म्हणाल्या.

"अशक्य," भाऊजी म्हणाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "बंद खोली. एकच चावी. ती माझ्या छातीशी. मध्ये फक्त एकदा कुलूप काढलं, तेही मीच, घरच्या कामाला. वहिनी, या क्षणाची मी लिफ्टमध्ये असल्यापासून वाट पाहत होतो. सगळ्यांना इथे बोलवा."

नेमका तेव्हाच माझा फोन थरथरला. सासूबाई. मी कानाला लावला. "मौन असेल तुझं, नुसतं ऐक. व्यायामाला जाताना माझी शाल तुझ्या टेबलावर राहिली. वारा सुटलाय आणि बसचा पत्ता नाही. तेवढी आणून दे बाई."

मी शाल घेतली. करडी, लोकरीची. फाटकापर्यंत जाईस्तोवर ती हातात होती, तरी मला काही सुचलं नाही. फाटकाबाहेर आले आणि सुचलं.

काचेच्या छताखाली, रंगीत दिव्यांत, सासूबाई बसल्या होत्या. न आलेल्याच्या खुर्चीवर. भोवती मैत्रिणी दांड्याशी आलटून पालटून टेकत होत्या.

"काय गं, अशी काय बघतेस?" सासूबाई म्हणाल्या. मी खुर्चीकडे बोट केलं. "ही होय? बाळ आणून देतो. तुमचा कार्यक्रम असला की फोन करते, तो आणतो आणि कार्यक्रम संपला की परत नेतो. म्हणतो, अडगळीत पडलेली असते. तेवढं एक काम तो न चुकता करतो हो." बोलता बोलता त्यांचा हात खुर्चीच्या डाव्या दांड्यावर टेकला आणि दांडा कुरकुरला. मी तो धरून हलवला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

त्या थांबल्या. "तुमची ती हरवते... दिसते तरी कशी?"

मी दांडा पुन्हा हलवला.

"हीच?"

मी मान डोलावली. मग त्या हसायला लागल्या, आणि मैत्रिणींना सांगता सांगता इतक्या हसल्या की एकीला स्टीलच्या दांड्यावरून घसरताना धरावं लागलं.

मग त्या उठू लागल्या. "घे. घेऊन जा. त्या बिचाऱ्या बाईची मालिका अडलीय ना." पण गुडघ्यांनी नकार दिला. त्या अर्ध्यावर थांबल्या, खुर्चीचा दांडा धरून. मी त्यांच्याकडे पाहिलं, तिरक्या स्टीलकडे पाहिलं. खुर्ची उचलणं काही माझ्या हातून होईना.

"ती कुणासाठी मांडता म्हणाली होतीस?" सासूबाई परत बसत म्हणाल्या. "जो येऊ शकत नाही त्याच्यासाठी ना? इतकी वर्षं मांडताय. त्याला आणायला कुणी गेलं होतं का कधी?"

मी हातातली शाल त्यांच्या खांद्यावर घातली.

"चल," त्या मैत्रिणींना म्हणाल्या. "बस काही येत नाही. आत जाऊ. आत खुर्च्या आहेत आणि हिच्याकडे चहा असतो."

फाटकापासून सभागृह लांब नाही, पण गुडघ्यांना असतं. थोडं चालायचं, मी खुर्ची टेकवायची, ज्यांना बसायचं त्यांनी पाळीपाळीनं बसायचं, मग पुढे. विंगेच्या दारातून आम्ही आत आलो तेव्हा भाऊजींचा समारोप चालला होता. समोर कुलसचिव, धाकट्या बाई, ध्वनिवाला, टेपवाले व्यवस्थापन प्रमुख आणि हातात भाषण घेऊन उभे शहररचनाकार.

"गुन्हेगार थंड प्रदेशातला नाही," भाऊजी म्हणत होते, "पैलवानही नाही. कारण खुर्ची गेलीच नाही. ती या खोलीतच आहे." त्यांनी कोपऱ्यातलं कापड झटक्यानं ओढलं. खाली विद्यापीठाचं जुनं, मोडकं भाषणाचं मेज होतं. भाऊजींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. "हुशार आहे. खुर्चीचं मेज केलंय."

ध्वनिवाल्यानं घड्याळाकडे पाहिलं.

"असं वेषांतर करणारा," भाऊजी जरा घाईनं म्हणाले, "आता फार लांब नसणार. माझा अंदाज आहे, तो याच दारातून..."

दारात सासूबाई होत्या. एक हात माझ्या खांद्यावर, एक खुर्चीच्या दांड्यावर.

"आई? तू?"

"मी कशाला? तू."

भाऊजींनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान डोलावली. "ही?" ते म्हणाले. "पण हिला सिंहाचे पंजे कुठेत?"

"तुम्ही नेलीत?" कुलसचिव म्हणाले. "चोरून?"

"चोरून कशाला? आईला बसायला नेली."

"कुणाला विचारलंत?"

"आईला बसवायचं," भाऊजी खरोखर गोंधळून म्हणाले, "तर विचारायचं कुणाला?"

बाहेर सभागृहात मैत्रिणी जागा धरत होत्या. तिसरी रांग भरली, चौथी भरली. मागचे निवृत्त गृहस्थ गलबल्यानं जागे झाले.

मी खुर्ची मंचावर मांडली. सासूबाई माझ्यामागून आल्या आणि तिच्यात बसल्या.

"बाई, ती रिकामी असते," कुलसचिव विंगेतून हळूच म्हणाले. "परंपरा आहे."

धाकट्या बाईंनी सवयीनं पर्सचा बंद शोधला. तो नव्हताच. त्यांनी हात खाली सोडले. "मोठ्या बाईंनी खुर्ची ठेवली ती माणूस येईपर्यंत," त्या म्हणाल्या. आवाज बारीकच होता, पण माईक चालू होता. "आता त्या आल्यात. त्यांना उठवायचं असेल तर तुम्ही या आणि उठवा."

कुलसचिव आले नाहीत.

शहररचनाकार छान बोलले. पडद्यावर त्यांनी आमच्या थांब्याचा फोटो दाखवला. चकचकीत, निवांत, एकही माणूस नाही. प्रश्न विचारायची वेळ आली, तशी सासूबाईंनी शेजारून त्यांच्याच माईककडे मान वळवली.

"फोटोत माणसं का नाहीत?"

"स्वच्छ यावा म्हणून, आजी. पहाटे काढला."

"आम्ही असलो की अस्वच्छ येतो का?" यात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. "तुम्ही त्या दांड्याला टेकून बसची वाट बघितलीय कधी?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "मी गाडीनं येतो."

"मग या एकदा. आम्ही असतोच. आम्ही शिकवू टेकायला." सभागृह हसलं. तेही हसले, मग कान लाल झाले. "येईन," म्हणाले. "आणि बाकाचंही बोलतो संबंधितांशी. पण त्याला वेळ लागेल. ठरावाला जावं लागतं."

"लागू दे की. पण तोवर काय करायचं?"

याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, धाकट्या बाईंकडे नव्हतं, इतक्या वर्षांच्या व्याख्यानांत कुठेच नव्हतं. मग विंगेतून, मोडक्या मेजामागून, आवाज आला.

"तोवर मी आणीन की बसायला. रोज."

भाऊजींना एवढं लहान वाक्य बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

कार्यक्रम संपला. जाताना कुलसचिव माझ्यापाशी थांबले. "अहवालात लिहा, खुर्ची होती," ते म्हणाले. थोडं पुढे जाऊन परत वळले. "आणि पुढच्या वेळी चहा जास्त सांगा." व्यवस्थापन प्रमुखांनी टेप गुंडाळून खिशात टाकली आणि दुसऱ्या इमारतीचे पडदे कसे आहेत याची चौकशी करत ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम नव्हता. सभागृहाला कुलूप. मी लवकर घरी आले, सासूबाई व्यायामाला गेल्या होत्या. रस्त्यावरचे दिवे लागले. मी हात जोडले, आणि मौन सुरू झालं.

जिन्यावर पावलं वाजली. भाऊजी खाली आले. ते स्वयंपाकघरात गेले, मी उंचावरचे डबे काढायला वापरते ते घडीचं स्टूल भिंतीपासून उचललं, फुंकर मारून पुसलं आणि काखेत धरलं. बाहेरच्या खोलीत माझ्यासमोर क्षणभर थांबले. त्यांना वाटलं असावं, मी काही विचारीन. मग माझं मौन आठवलं असावं. दार उघडलं आणि आवाज न करता ओढून घेतलं.

चाल मांजराची होती असं काही मला म्हणता येणार नाही. स्टुलाचा एक पाय फाटकापर्यंत कठड्याला ठकठक लागत गेला.